चुकलेल्या उत्तरामागचा हिशेब

व्यापारी कुटुंबात वाढणाऱ्या मुलाची आकड्यांशी ओळख शाळेच्या आधीच झालेली असते. गल्ल्यातील सुटे पैसे मोजणे, ग्राहकाने पुढे केलेल्या पाचशेच्या नोटेतून किती परत द्यावयाचे ते सांगणे, वहीपूजनाच्या दिवशी नव्या वहीचे पहिले पान लिहिले जाताना पाहणे, हे सारे त्याच्या बालपणाचा भाग असते. त्यामुळे चौथी-पाचवीपर्यंत असे मूल गणितात बहुधा पुढे असते. सहावीनंतर मात्र चित्र पालटू लागते. गुण घसरतात, वह्यांवर लाल खुणा वाढतात आणि घरात त्याची कारणे शोधली जातात. लक्ष नाही, मोबाइल फार झाला, सराव कमी पडतो, असे निदान होऊन शिकवणी लावली जाते. आठवीच्या अखेरीस मूल स्वतःच म्हणू लागते, "गणित मला जमत नाही." हे वाक्य एकदा मनात रुजले की पुढील अनेक वाटा त्याच्यासाठी आपोआप बंद होतात.

या निदानात एक गोष्ट सहसा तपासली जात नाही. ती म्हणजे मुलाने चुकलेले उत्तर काढले तरी कसे. गेल्या पन्नास वर्षांत निरनिराळ्या देशांतील शिक्षणतज्ज्ञांनी अकरा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांची चुकलेली उत्तरे गोळा करून त्यांच्याशी सविस्तर बोलणे केले. त्यातून असे आढळले की या वयातील पुष्कळशा चुका निष्काळजीपणाच्या नसतात. त्यांच्यामागे एक सुसंगत विचार असतो. मुलाने आधीच्या इयत्तांत जो नियम प्रामाणिकपणे शिकलेला असतो, तोच तो नव्या ठिकाणी लावतो. नियम जुना असतो, पण संख्या नव्या असतात.

सहावी ते आठवी या तीन वर्षांत संख्यांचे स्वरूपच बदलते. तोपर्यंत संख्या म्हणजे मोजता येणाऱ्या वस्तू होत्या. आता अपूर्णांक, दशांश, ऋण संख्या, गुणोत्तर, शेकडेवारी आणि अक्षरे एकापाठोपाठ एक येतात. या प्रत्येक ठिकाणी जुना एखादा नियम मोडतो. तो मोडला आहे हे मुलाला स्पष्टपणे सांगणारे फारसे कुणी नसते.

रुपये-पैशांचा दशांश

४.६३ आणि ४.८ यांतील मोठी संख्या कोणती, असे विचारले तर सहावीतील अनेक मुले ४.६३ असे सांगतात. कारण विचारावे तर उत्तर तयार असते, "त्रेसष्ट हे आठपेक्षा मोठे आहेत." पूर्ण संख्यांत हा नियम कधी चुकत नाही. अमेरिका, इस्रायल आणि फ्रान्स या तीन देशांतील मुलांवर केलेला एक अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ही चूक तर आढळलीच, पण तिच्या उलट चूकही आढळली. काही मुले लहान दिसणाऱ्या दशांशालाच मोठे मानत होती. दशांशाचा भाग शतांशाच्या भागापेक्षा मोठा असतो, एवढे त्यांच्या लक्षात राहिले होते. म्हणून ०.३ हे ०.४५ पेक्षा मोठे, असा त्यांचा निष्कर्ष होता. विशेष म्हणजे फ्रान्समध्ये, जेथे अपूर्णांकांच्या आधी दशांश शिकवले जात होते, तेथे ही दुसरी चूक क्वचितच दिसली. म्हणजे कोणती चूक होणार हे मुलाच्या बुद्धीइतकेच शिकवण्याच्या क्रमावरही अवलंबून होते.

व्यापारी घरातील मुलाला रुपये-पैशांमुळे दशांश सोपे जावेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु येथे एक बारकावा आहे. बिलात पैसे नेहमी दोन अंकांत छापले जातात, ४.८० असे. दुकानातील इलेक्ट्रॉनिक काटा वजन बहुधा तीन अंकांत दाखवतो, ०.२५० असे. अंकांची संख्या ठरलेली असल्यामुळे मूल बिंदूच्या उजवीकडील भाग पूर्ण संख्येसारखा वाचत राहते आणि त्याचे काही अडतही नाही. शाळेत ४.८ असे लिहिलेले आले की तेच मूल 'चार रुपये आठ पैसे' वाचते. १.५ किलो आणि १.०५ किलो यांतील साडेचारशे ग्रॅमचा फरक त्याच्या हातून अशाच प्रकारे निसटतो. अशा वेळी त्याला काट्यासमोर उभे करून दोन्ही वजने प्रत्यक्ष करावयास लावली, तर शून्याचे स्थान त्याला जितके कळेल तितके दहा उदाहरणे सोडवूनही कळणार नाही.

अपूर्णांकांची बेरीज

एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश, हे उत्तर प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचे आहे. वरचे अंक वरच्यांत, खालचे खालच्यांत मिळवले, एवढेच दिसते. पण मुलाला बोलते केले तर कधी कधी असे ऐकावयास मिळते की पहिल्या दिवशी दोन सामन्यांपैकी एक जिंकला, दुसऱ्या दिवशी तीनपैकी एक जिंकला, तर एकूण पाचपैकी दोन जिंकले. यात चूक कोठे आहे? सामन्यांच्या हिशेबात खरोखर काहीच चूक नाही. मात्र तेथे प्रत्येक दिवसाचे 'पूर्ण' वेगळे आहे. अपूर्णांकांच्या बेरजेत दोन्ही भाग एकाच पूर्णाचे असावे लागतात. हा भेद सांगितल्याशिवाय नुसता 'छेद समान करा' हा आदेश दिला तर मूल तो पाळते, पण स्वतःचा विचार कोठे घसरला हे त्याला कळत नाही.

पडताळा साधा आहे. अर्ध्यात काही मिळवल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा मोठेच यावे. दोन पंचमांश तर अर्ध्याहून लहान आहे. पूर्वीच्या पिढ्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी मुखोद्गत असत. त्या पाठांतराचा एक लाभ असा होता की पाव, अर्धा, पाऊण यांच्या लहान-मोठेपणाची जाण कानातच बसलेली असे आणि असे उत्तर तोंडातून निघतानाच खटकत असे.

छेद समान करण्याच्या रीतीचा इतिहासही या वाचकवर्गाला ठाऊक असावा. इ. स. ८५०च्या सुमारास, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचला. छेदांचा लघुतम साधारण विभाज्य घेऊन अपूर्णांकांची बेरीज करण्याची रीत त्यात स्पष्टपणे दिलेली असून त्या विभाज्याला 'निरुद्ध' अशी संज्ञा आहे. हा ग्रंथ १९१२ साली मद्रास येथून इंग्रजी भाषांतरासह आणि १९६३ साली सोलापूर येथून हिंदी भाषांतरासह प्रसिद्ध झाला.

वाढवणारा गुणाकार, 'कशाचे' शेकडा

गुणाकाराने संख्या वाढते आणि भागाकाराने घटते, ही समजूत पाचवीपर्यंत क्वचितच खोटी ठरते. म्हणून ८०० रुपये किलोचे काजू ०.७५ किलो घेतले तर किती रुपये होतील, या प्रश्नात पुष्कळ मुले भागाकार निवडतात. उत्तर ८०० पेक्षा कमी यावयास हवे हे त्यांना बरोबर कळलेले असते. कमी करणारी क्रिया म्हणजे भागाकार, असा त्यांचा तर्क असतो. 'पाऊण किलोचे किती?' असे विचारल्यास तेच मूल क्षणात सहाशे सांगते. अंदाज योग्य होता, व्यवहारही कळला होता, केवळ क्रियेविषयीचा जुना नियम आड आला.

गुणोत्तरात याहून खोल अडचण आहे. लंडन येथे १९७४ ते १९७९ या काळात अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांच्या गणिती आकलनाचा मोठा अभ्यास झाला. त्यातील एका प्रश्नात एका ठेंगण्या माणसाच्या चित्राची उंची ४ काड्या किंवा ६ टाचण्या भरते आणि दुसऱ्या उंच माणसाची ६ काड्या भरते. मग ती किती टाचण्या भरेल? अनेक मुलांनी ८ असे उत्तर दिले. काड्या दोनने वाढल्या म्हणून टाचण्याही दोनने वाढवल्या. खरे उत्तर ९ आहे, कारण प्रत्येक काडीमागे दीड टाचणी लागते. 'कितीने' आणि 'किती पट' यांतील हा फरक मुलाच्या मनात स्थिर होण्यास वेळ लागतो, आणि शेकडेवारीची सारी इमारत याच फरकावर उभी आहे.

व्यापारी घरात शेकडेवारी रोजच्या बोलण्यात असते. तीच कधी गोंधळाचे कारण होते. ८० रुपयांची वस्तू १०० रुपयांना विकली तर शाळेचे पुस्तक २५ टक्के नफा सांगते, कारण तेथे नफा खरेदीवर काढला जातो. दुकानात मात्र अनेक व्यापारी विक्रीवर हिशेब धरतात आणि 'वीस टक्के सुटतात' असे म्हणतात. जेवताना हे ऐकलेल्या मुलाने परीक्षेत २० लिहिले, तर ते अज्ञान म्हणता येणार नाही. त्याचप्रमाणे १८ टक्के जीएसटीसह ११८० रुपयांच्या बिलातून मूळ किंमत काढताना मूल ११८० चे १८ टक्के वजा करते आणि ९६७ रुपये ६० पैसे असे उत्तर देते. मूळ किंमत १००० आहे. कर मूळ किमतीवर लागला होता, एकूण रकमेवर नव्हे. दोन्ही ठिकाणी विचारावयाचा प्रश्न एकच आहे, 'कशाचे शेकडा?' हा एक प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांनी मुलाच्या जिभेवर रुळवला, तर अनेक प्रकरणे सुकर होतील.

ऋण आणि तागडी

ऋण संख्यांच्या बाबतीत व्यापारी घराकडे मोठेच भांडवल आहे. इ. स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' रचणाऱ्या ब्रह्मगुप्ताने या संख्यांचे नियम 'धन' आणि 'ऋण' याच शब्दांत मांडले. म्हणजे संज्ञाच मुळी देण्याघेण्याच्या व्यवहारातून आली आहे. उणे ७ हे उणे ३ पेक्षा लहान कसे, असा प्रश्न पडलेल्या मुलाला सात हजारांची देणी असलेल्या आणि तीन हजारांची देणी असलेल्या माणसांची तुलना लगेच कळते. ऋण गुणिले ऋण धन का, हेही सांगता येते. पाच-पाचशे रुपयांची तीन देणी कुणी माफ केली, तर माणसाची स्थिती दीड हजारांनी सुधारते.

समीकरणात अडचण येते ती 'बरोबर' या चिन्हाची. ८ + ४ = □ + ५ या चौकटीत कोणती संख्या येईल? अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिली ते सहावीच्या मुलांना हा प्रश्न विचारला होता. ७ हे बरोबर उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण कोणत्याही वयोगटात दहा टक्क्यांच्या पुढे गेले नाही. बहुतेकांनी १२ किंवा १७ लिहिले. त्यांच्या लेखी 'बरोबर' म्हणजे 'आता उत्तर लिहा' अशी सूचना होती. कॅलक्युलेटरवरील तेच चिन्ह ही समजूत पक्की करते. असे मूल सातवीत क्ष + ५ = १२ पाशी अडते, आणि 'पलीकडे नेले की चिन्ह बदलते' हा मंत्र त्याला दिला जातो. त्याऐवजी जुनी तागडी आठवावी. दोन्ही पारड्यांत समान वजन आहे, एका पारड्यातून पाच काढले तर दुसऱ्यातूनही पाच काढावे लागतील. चिन्ह कोठेही उडी मारत नाही. दोन्ही बाजूंशी सारखाच व्यवहार होतो, इतकेच.

उदाहरणे म्हणजे सिद्धता नव्हे

याच वयात मुलाच्या तर्काची आणखी एक पायरी सुरू होते. दोन विषम संख्यांची बेरीज सम असते, हे पटवून देण्यास सांगितले तर बहुतेक मुले ३ + ५, ७ + ९ अशी उदाहरणे देतात आणि तेवढ्यावर समाधान मानतात. एखादे मूल मात्र म्हणते की विषम संख्येच्या जोड्या लावल्या तर एक उरतो, दोन विषम संख्यांतील ते दोन उरलेले एकमेकांची जोडी होतात. हे उत्तर सर्व विषम संख्यांना लागू पडते. येथे गणिती तर्काचा आरंभ झाला.

उदाहरणांवर विसंबणे किती फसवे असू शकते, याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. कोणतीही संख्या घ्यावी, तिचा वर्ग करावा, त्यात तीच संख्या आणि ४१ मिळवावे. ० पासून ३९ पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्याच मिळते. चाळिसाव्या घरात मात्र १६८१ येतात, आणि ते ४१ गुणिले ४१ आहेत. लागोपाठ चाळीस वेळा खरे ठरलेले विधानही खोटे निघू शकते. उधारीचा व्यवहार केलेल्या कोणत्याही व्यापाऱ्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

दुकान आणि वर्ग

दुकानात हिशेब करणारे मूल वर्गात का अडखळते, याचा एक गाजलेला अभ्यास ब्राझीलमधील रेसिफे शहरात झाला आणि १९८५ साली प्रसिद्ध झाला. नऊ ते पंधरा वर्षे वयाच्या, रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांना संशोधकांनी आधी ग्राहक म्हणून प्रश्न विचारले. त्यांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तेच आकडे शाब्दिक उदाहरणांत घालून विचारले तेव्हा सुमारे ७४ टक्के, आणि नुसत्या बेरीज-गुणाकाराच्या मांडणीत विचारले तेव्हा केवळ ३७ टक्के उत्तरे बरोबर आली. अकरा-बारा वर्षांच्या एका नारळविक्रेत्या मुलाने ३५ चा एक याप्रमाणे चार नारळांचे १४० तोंडी बरोबर सांगितले. कागदावर ३५ गुणिले ४ करताना मात्र हातचा आधीच मिळवून त्याने २०० लिहिले. तोंडी हिशेबात त्याने रक्कम तुकड्यांनी वाढवत नेली होती. कागदावर तो आठवलेली रीत चालवत होता, आणि आलेले उत्तर नारळांच्या किमतीशी ताडून पाहण्याचे त्याच्या मनात आले नाही.

आपल्या देशातही असाच अभ्यास झाला आहे. कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयीचा एक शोधनिबंध २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात आला. नोबेल पारितोषिक विजेते अभिजित बॅनर्जी आणि एस्तर डफ्लो हे त्याच्या लेखकांपैकी आहेत. बाजारातील मुले गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी करीत होती, पण शालेय पद्धतीच्या साध्या उदाहरणांत अडखळत होती. शाळेत जाणारी मुले कागदावर त्यांच्याहून सरस होती, पण बाजारातील हिशेबात मागे पडत होती. एका ठिकाणचे ज्ञान दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोहोचत नाही, हा त्याचा निष्कर्ष आहे.

पोट भरण्यासाठी बाजारात राबणारे मूल आणि सुट्टीत पेढीवर बसणारे मूल यांच्या परिस्थितीत अर्थातच फार अंतर आहे. तरी ही दरी दोघांच्याही वाट्याला येते. व्यापारी कुटुंबाजवळ ती बुजवण्याची संधी आहे, कारण गल्ला आणि गृहपाठ दोन्ही एकाच छताखाली असतात.

घराने काय करावे

पहिली गोष्ट, उत्तर चुकले तर 'चूक' म्हणण्याआधी 'हे कसे काढलेस?' असे विचारावे. हाच प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारावा. अन्यथा मूल तो प्रश्न म्हणजे चुकीची खूण समजते आणि घाईने उत्तर बदलते. विचारल्यावर थांबावे. हिशेबात मुरलेल्या वडीलधाऱ्यांना हे थांबणेच सर्वांत जड जाते, कारण उत्तर त्यांच्या ओठांवर असते.

दुसरी गोष्ट, आधी अंदाज आणि शेवटी ताळा. उत्तर शंभराच्या आसपास येईल की हजाराच्या, हे मुलाने आधी सांगावे. शेवटी ते व्यवहारात बसते का, ते पाहावे. रोज रात्री रोकड जुळवल्याशिवाय दुकान न वाढवणाऱ्या घरात ही सवय नवी नाही. ती गृहपाठाच्या वहीपर्यंत न्यावयाची आहे.

तिसरी गोष्ट, युक्त्यांचा मोह आवरावा. जलद आकडेमोडीच्या वर्गांचा उपयोग आकडेमोडीपुरता आहे. कोणती क्रिया करावयाची हे ठरवण्याची शक्ती त्यातून आपोआप येत नाही. नियम सांगितला तर त्याचे कारणही सांगावे. कारण ठाऊक नसेल तर मुलासोबत बसून शोधावे.

चौथी गोष्ट, मुलीलाही गल्ल्यावर बसवावे. अनेक घरांत सुट्टीत मुलगा दुकानात जातो आणि बहीण घरी राहते. व्यवहारातून मिळणारी संख्यांची जाण तिच्या वाट्याला कमी येते, आणि पुढे गणितात रस नसल्याचा दोष तिच्यावर ठेवला जातो.

चुकीकडे कसे पाहावे, याचा एक धडा महावीराचार्यांच्या ग्रंथातही आहे. शून्याने भागल्यास संख्या बदलत नाही, असे त्यांनी लिहिले. आजचे गणित हे मान्य करीत नाही. शून्याने भागाकाराला अर्थच नाही, असे ते मानते. पण सातवीतील मूलही कधी तसेच म्हणते, "वाटायला कुणीच नाही, म्हणजे सगळे लाडू तसेच राहिले." एवढ्या थोर गणितज्ञाने मांडलेला निष्कर्ष एखाद्या मुलाच्या तोंडून आला, तर त्याला मठ्ठ ठरवण्याचे कारण नाही. त्याला एवढेच विचारावे की भागाकाराचा ताळा गुणाकाराने करतात ना? मग बारा भागिले शून्य बारा असेल, तर बारा गुणिले शून्य किती यावयास हवेत? मूल क्षणभर थांबेल, पुन्हा मांडणी करील आणि स्वतःच म्हणेल की हे जुळत नाही. तेथपर्यंत ते स्वतःच्या पायांनी चालत आले, तर 'गणित मला जमत नाही' हे वाक्य उच्चारण्याची वेळ त्याच्यावर सहसा येणार नाही.